एकट्या घराचा नियम टिकत नाही



शिरूर आणि दौंड तालुक्यातल्या सगळ्या बचत गटांना, ग्रामसंघांना आणि स्वयंपाक करता करता रेडिओ ऐकणाऱ्या प्रत्येक ताई-माईला माझा नमस्कार. एरवी आपण बचत, कर्ज, हप्ता यांवर बोलतो. आज घरातल्या १२ ते १८ वयाच्या मुलामुलींविषयी बोलायचं आहे. आपल्या दशसूत्रीत आरोग्य आणि शिक्षण आहेच, त्यामुळे हा विषय गटाबाहेरचा मानू नका.

बैठक संपल्यावर चपला घालता घालता जे बोलणं होतं, त्यात हल्ली हाच विषय असतो. एक म्हणते, पोरगा दहावीला आहे, गाडी दिली तरच क्लासला जाईन म्हणतो. दुसरी म्हणते, धुवायला टाकलेल्या पँटच्या खिशात पुडी सापडली. तिसरी म्हणते, रात्री एक-दोन वाजेपर्यंत पांघरुणात मोबाईल चालू असतो. आणि सगळ्यांचं बोलणं एकाच वाक्यावर येऊन थांबतं, "काय करायचं ताई, सगळ्यांचीच पोरं करतात. मी एकटी नाही म्हणाले तर माझंच पोरगं वेगळं पडतं."

ही तक्रार खरी आहे. म्हणून आज मी तिच्यावरच बोलणार आहे.

आधी या वयाविषयी थोडं समजून घेऊ. या वयात नवं काही करून बघायची ओढ फार असते. मजा, कौतुक, थरार यांची हाक मेंदूला जोरात ऐकू येते. पण थांबून पुढचा विचार करणारा मेंदूचा भाग पूर्ण तयार व्हायला विशी उलटावी लागते. गाडीचं इंजिन आधी आलं आणि ब्रेक मागून बसवले, असं म्हणा हवं तर. यात पोराचा वाईटपणा नाही, हे वयच तसं आहे.

आणखी एक गोष्ट. अमेरिकेतल्या अभ्यासकांनी २००५ मध्ये मुलांना गाडी चालवायचा एक खेळ खेळायला दिला. तोच खेळ एकट्याने खेळताना मुलं जेवढा धोका पत्करत, त्याहून कितीतरी जास्त धोका मित्र बघत असताना पत्करत. मोठ्या माणसांमध्ये हा फरक जवळजवळ दिसला नाही. आपल्यालाही हे माहीत आहे. एकटा असताना घाबरत रस्ता ओलांडणारा पोरगा, मागे दोन मित्र बसले की नगर रोडवर ट्रकच्या पुढे गाडी काढतो. म्हणजे धोका मुलाच्या डोक्यात जेवढा असतो, तेवढाच त्याच्या टोळक्यात असतो. मग त्यावरचा उपायही एका घरात कसा सापडेल? टोळक्यातल्या सगळ्या घरांनी मिळून तो करावा लागतो.

आता गाडीचं बघू. आपल्या एका बाजूला पुणे-नगर महामार्ग, दुसऱ्या बाजूला पुणे-सोलापूर महामार्ग. रांजणगाव आणि कुरकुंभच्या एमआयडीसीची वाहतूक त्यावर, आणि गाळप हंगामात उसाचे ट्रॅक्टर. दोन दोन ट्रॉल्या, कधी मागे दिवासुद्धा नाही. अशा रस्त्यावर १५ वर्षांचं पोर ट्रिपल सीट जातं. गाडी पुष्कळदा कुणाच्या नावावर असते? आईच्या. गटातून किंवा बँकेतून कर्ज काढून घेतलेली.

म्हणून कायदा नीट ऐका. १६ वर्षं पूर्ण झाल्यावर जो परवाना मिळतो, तो फक्त बिनगियरच्या ५० सीसीपर्यंतच्या गाडीचा असतो. आपल्या दारातल्या पेट्रोलच्या स्कूटर १०० सीसीच्या पुढच्या आहेत. त्या चालवायला १८ वर्षं पूर्ण लागतात. मोटार वाहन कायद्यात २०१९ मध्ये १९९ अ हे कलम आलं. अल्पवयीन मुलाने गाडी चालवून गुन्हा केला तर पालक किंवा गाडीचा मालक दोषी धरला जातो. शिक्षा ३ वर्षांपर्यंत कैद आणि २५ हजार रुपये दंड. गाडीची नोंदणी १२ महिने रद्द. आणि त्या मुलाला वयाच्या २५ वर्षांपर्यंत परवाना मिळत नाही. परवाना नसलेल्याच्या हातून कुणाला अपघात झाला, तर भरपाईची रक्कम विमा कंपनी गाडीच्या मालकाकडून वसूल करू शकते. एका चुकीने जीव जातो, आणि जमीनही जाऊ शकते.

१९ मे २०२४ च्या पहाटे पुण्यात कल्याणीनगरला काय झालं, ते आपण सगळ्यांनी टीव्हीवर पाहिलं. १७ वर्षांच्या मुलाच्या भरधाव मोटारीने दोन तरुण अभियंत्यांचा जीव घेतला. ३०० शब्दांचा निबंध लिहायच्या अटीवर जामीन मिळाला म्हणून सगळा महाराष्ट्र चिडला. पुढे वडिलांना अटक झाली, दारू दिल्याच्या आरोपावरून हॉटेलच्या लोकांनाही झाली. तेव्हा आपण म्हणालो, बड्या बापाचा पोरगा. पण किल्ली कुणीतरी दिली होती, हा भाग आपल्या घरालाही लागू आहे. तिथे महागडी मोटार होती, इथे स्कूटर आहे. समोरून येणाऱ्या माणसाचा जीव दोन्हीकडे सारखाच.

दुसरी गोष्ट पुडी. महाराष्ट्रात गुटखा २०१२ पासून बंद आहे. तरी कुठल्या टपरीवर मिळतो, हे पोरांना आपल्याआधी माहीत असतं. १८ वर्षांखालच्या मुलाला तंबाखूची कोणतीही वस्तू विकणं २००३ च्या कायद्याने गुन्हा आहे. शाळेपासून १०० यार्डांच्या आत, म्हणजे साधारण ९१ मीटरच्या आत, विक्रीच करता येत नाही. बाल न्याय कायद्यात तर मुलाला दारू किंवा तंबाखू देणाऱ्याला ७ वर्षांपर्यंत कैद आणि १ लाखापर्यंत दंड सांगितला आहे.

आपण समजतो की पोरं नववी-दहावीत बिघडतात. २०१९ मध्ये देशभरातल्या १३ ते १५ वर्षांच्या शाळकरी मुलांची पाहणी झाली. त्यात तंबाखू खाणाऱ्या मुलांपैकी निम्म्याहून जास्त मुलांनी वयाची १० वर्षं पूर्ण होण्याआधीच सुरुवात केली होती. म्हणजे चौथी-पाचवीत. आणि इथे आपल्यालाही जरा आरशात बघावं लागेल. सकाळी चुलीपुढे बसून आपण मशेरी लावतो. पोराला सांगतो, "जा रे, दुकानातनं तंबाखू घेऊन ये." मग त्याच हाताने त्याला पुडीसाठी मारायचं. पोरं आपलं ऐकतात त्याहून जास्त आपल्याला बघतात.

तिसरी गोष्ट मोबाईल. मोबाईल वाईट आहे असं मी म्हणणार नाही. अभ्यास त्यावर आहे, गटाचे निरोपही त्यावरच येतात. पण पैसे लावून खेळायचे खेळ, उधारीत अडकवणारी कर्जाची ॲप, अनोळखी माणसाशी वाढत गेलेली ओळख, तलवारीने केक कापायचे व्हिडिओ, हे सगळं त्याच खिडकीतून आत येतं. ऑगस्ट २०२५ मध्ये संसदेने कायदा करून पैसे लावायचे ऑनलाइन खेळ चालवण्यावर आणि त्यांच्या जाहिरातीवर बंदी घातली. खेळणाऱ्याला त्यात शिक्षा ठेवलेली नाही. त्यामुळे पोरगा पैसे हरला असेल तर "पोलीस धरतील" या भीतीने त्याने लपवून ठेवायचं कारण नाही. ऑनलाइन फसवणूक झाली असेल तर १९३० वर लगेच फोन करा. जितक्या लवकर कराल तितकी पैसे अडवायची शक्यता जास्त.

आता मूळ तक्रारीकडे येऊ. मी एकटी काय करणार?

सांगली जिल्ह्यात कडेगाव तालुक्यात मोहित्यांचे वडगाव म्हणून गाव आहे. करोनाच्या काळात शाळा मोबाईलवर गेली आणि नंतर मुलांच्या हातून मोबाईल सुटेना. २०२२ मध्ये १४ ऑगस्टला गावाने बायकांची बैठक बोलावली आणि त्या बैठकीत भोंगा आणायचं ठरलं. स्वातंत्र्यदिनापासून रोज संध्याकाळी ७ वाजता गावात भोंगा वाजू लागला. भोंगा झाला की घराघरातले टीव्ही आणि मोबाईल बंद. साडेआठपर्यंत पोरांनी अभ्यास करायचा, मोठ्यांनी वाचायचं, एकमेकांशी बोलायचं. नुसता भोंगा वाजवून गाव बदललं नाही. आशाताई, अंगणवाडीताई, ग्रामपंचायतीचे कर्मचारी, निवृत्त शिक्षक घरोघरी गेले आणि लोकांना समजावत राहिले.

यात मला सगळ्यात मोलाचं काय वाटतं सांगू? तो दीड तास आईचीही मालिका बंद होती. आणि एकाही पोराला "फक्त माझ्याच घरी का?" असं म्हणायची सोय राहिली नाही.

आता दूर देशातली गोष्ट. आइसलँड हा युरोपच्या वरच्या टोकाचा छोटा, बर्फाळ देश. १९९८ मध्ये तिथल्या १५-१६ वर्षांच्या मुलांपैकी ४२ टक्के मुलं सांगत होती की गेल्या महिन्याभरात आम्ही दारू पिऊन झिंगलो. २०१६ मध्ये हा आकडा ५ टक्क्यांवर आला. रोज सिगारेट ओढणारी मुलं २३ टक्क्यांवरून ३ टक्क्यांवर आली. त्यांनी काय केलं? "दारू वाईट" ही भाषणं आधी देऊन झाली होती, त्यांचा उपयोग झाला नव्हता. मग त्यांनी शाळाशाळांतून पालकांना एकत्र आणलं आणि पालकांनी आपसात लेखी करार केले. लहान मुलांना ठरलेल्या वेळेनंतर बाहेर ठेवायचं नाही, मुलांना दारू विकत आणून द्यायची नाही, एकमेकांच्या मुलांवर लक्ष ठेवायचं. काही भागांत आईवडील संध्याकाळी गटागटाने गल्लीतून फेरी मारू लागले. आणि त्याच वेळी मुलांसाठी खेळ, संगीत, व्यायाम यांवर सरकारने पैसा घातला.

पालकांचा लेखी करार! मैत्रिणींनो, त्यांना हे नव्याने शिकावं लागलं. आपल्याकडे वर्षानुवर्षं बैठक आहे, ठराव आहे, इतिवृत्ताची वही आहे, सह्या आहेत. हप्ता बुडवायचा नाही हा नियम आपण दहा-बारा जणी मिळून पाळतो. मग पोरांचा नियमही तसाच पाळू या की. शिवारात बिबट्या दिसला की आपण काय करतो? एकमेकींना फोन करतो, सगळी वस्ती बॅटऱ्या घेऊन बाहेर येते. तेव्हा कोणी म्हणत नाही की ते त्यांच्या घरचं बघून घेतील.

हे कसं करायचं, ते सांगते.

पहिलं, पुढच्या मासिक बैठकीत अर्धा तास या विषयाला द्या. मोजकेच नियम ठरवा, तीनच पुरेत. एक, १८ वर्षं पूर्ण होऊन परवाना मिळेपर्यंत गटातल्या कुठल्याही घरातून गाडीची किल्ली मिळणार नाही. दोन, रात्री ठरलेल्या वेळेनंतर घरातले सगळे मोबाईल, आईबापाचेसुद्धा, एका जागी चार्जिंगला. तीन, तंबाखू-पुडी आणायला कोणत्याच पोराला दुकानात पाठवायचं नाही. हे इतिवृत्तात लिहा आणि सह्या करा. तुमच्या पोराचे मित्र ज्या घरांतले आहेत त्या बाया गटात नसतील, तर त्यांच्या दारात जा, त्यांनाही सामील करून घ्या.

दुसरं, घरच्या पुरुषांना यात आणा. किल्ली बऱ्याचदा बापच देतो, "आण जरा डेअरीत दूध घालून" म्हणून. हा ठराव ग्रामसंघातून ग्रामसभेत न्या. शाळेजवळच्या टपरीचा प्रश्न एकटीने मांडला तर भांडण होतं. चाळीस बायांनी मांडला तर सरपंचांना उत्तर द्यावं लागतं. क्लासची गाडी, एसटीची वेळ हेही तिथेच मागा, कारण चार-पाच किलोमीटरवरच्या वस्तीवरून पोराने शाळेत जायचं कसं, हा प्रश्न खरा आहे. तोवर सायकल आहे, आणि चार घरांनी पाळी लावून मोठ्या माणसाने सोडायला जाणं आहे.

तिसरं सगळ्यात अवघड आहे. आपल्या पोराविषयी कोणी काही सांगितलं तर भांडायला जायचं नाही. आपल्या गावात काय होतं? "तुझा पोरगा टपरीवर दिसला" म्हटलं की "तू तुझ्या पोराचं बघ" हे उत्तर तयार असतं. मग सांगणारी पुढच्या वेळी गप्प बसते, आणि सगळ्या गावाला ठाऊक असलेली गोष्ट आईला सगळ्यात शेवटी कळते. म्हणून गटात एकमेकींना शब्द द्या, "माझ्या लेकराचं काही दिसलं तर मला येऊन सांग, मी राग मानणार नाही." आणि सांगणारीने फक्त आईलाच सांगायचं. पाणवठ्यावर, लग्नाच्या मांडवात, व्हॉट्सॲपवर त्याची चर्चा करायची नाही. हा शब्द मोडला तर बाकीचे नियम आपोआप मोडतात.

चौथं, काढून घेतलं तिथे काहीतरी द्यायला हवं. संध्याकाळी पाच ते आठ पोराने करायचं काय? खो-खो, कबड्डी, तालीम, वाचनालय, ढोल-लेझीम, काहीही चालेल, पण रोज हवं आणि तिथे एक मोठं माणूस हवं. शाळेच्या मैदानावर एक दिवा लावायची मागणी फार मोठी नाही. आणि मुलींनाही त्या मैदानावर जागा ठेवा.

मुलींचा विषय निघाला आहे तर थोडं स्पष्ट बोलते. मुलाच्या खिशात पुडी सापडली तर आपण दोन दिवस ओरडतो. मुलीच्या मोबाईलमध्ये एखाद्या मुलाचा मेसेज सापडला तर शाळा बंद करतो आणि स्थळ बघायला लागतो. तिला धोक्यातून वाचवतो असं आपल्याला वाटतं. पण १५-१६ व्या वर्षी लग्न, १७ व्या वर्षी बाळंतपण, यापेक्षा मोठा धोका कोणता? शिवाय एका मुलीचं असं झालेलं पाहिलं की बाकीच्या मुली शिकतात की आईला काही सांगायचं नाही. पुढे कोणी धमकावत असलं, फोटो पसरवायची भीती दाखवत असलं, तरी त्या सांगत नाहीत. नियम मुलाला आणि मुलीला सारखेच ठेवा. १८ च्या आत लग्न हा गुन्हा आहे, आणि गावात ग्रामसेवक हेच बालविवाह प्रतिबंधक अधिकारी असतात.

आता कोणी विचारेल, नियम मोडला तर? मोडणारच, पोरं आहेत. शिक्षा आधीच सांगून ठेवा आणि तेवढीच करा. आठ दिवस मोबाईल नाही म्हटलं तर आठच दिवस. चारचौघांत मारू नका, पाहुण्यांपुढे उणंदुणं काढू नका. अपमान झालेलं पोर घरापासून तुटतं आणि त्याच टोळक्यात जाऊन बसतं. त्याला हेही सांगून ठेवा, "कुठेही अडकलास, गाडी चालवणारा पिलेला असला, भांडण झालं, पैसे गेले, तर रात्री कितीही वाजता घरी फोन कर. त्या वेळी आधी न्यायला येऊ, बोलायचं ते सकाळी बोलू." आणि खरंच तसं करा. पहिल्याच फोनला शिवी ऐकली तर दुसरा फोन येत नाही.

काही गोष्टी आपल्या हाताबाहेरच्या असतात, तिथे मदत घ्यायला लाजू नका. तंबाखू सोडायला १८००-११-२३५६ हा मोफत नंबर आहे. मूल गप्प गप्प राहतं, जेवत नाही, झोपत नाही, जगून काय करू असं बोलतं, तर ते नाटक समजू नका. टेलिमानस १४४१६ वर दिवसरात्र मराठीत बोलता येतं. मुलांवर अन्याय, मारहाण, बालविवाह यांसाठी १०९८, आणि तातडीच्या मदतीला ११२. ग्रामीण रुग्णालयात किशोरवयीन मुलामुलींच्या मैत्री क्लिनिकची चौकशी करा, आशाताई माहिती देतील. हे नंबर गटाच्या वहीच्या पहिल्या पानावर लिहून ठेवा.

बचत सुरू केली तेव्हा महिन्याला थोडेथोडकेच रुपये होते. एकटीच्या डब्यात ते राहिले नसते, सणासुदीला खर्च होऊन गेले असते. दहा जणींनी मिळून ठेवले म्हणून टिकले. नियमाचंही तसंच आहे.

पुढच्या बैठकीत हा विषय घ्या. काय ठरलं, कोणता नियम टिकला, कोणता टिकला नाही आणि का, हे आम्हाला कळवा. दुसऱ्या गावाच्या बायांना त्याचा उपयोग होईल.